हात न ठेवता दिलेली साक्ष

सकाळी साडेसात ते आठ या वेळात आमच्या घरी देवालासुद्धा थांबावं लागतं. गॅसवर दूध, इस्त्रीखाली ह्यांचा शर्ट, मुलीच्या एका पायात मोजा आणि दुसऱ्याचा शोध चाललेला, न्हाणीघरातून ह्यांची टॉवेलसाठी हाक. अशात दार वाजलं. इस्त्री उभी करून मी दार उघडलं, तर समोर रफूबाई.

बाई आमच्याच मजल्यावर, समोरच्या खोलीत एकट्या राहतात. अठरा वर्षांचा शेजार आहे, पण सकाळच्या घाईत त्यांनी कुणाचं दार वाजवल्याचं मला आठवत नव्हतं. कामाच्या वेळी बाईमाणसाच्या उंबऱ्यात उभं राहू नये, हा त्यांचा नियम. त्या दिवशी तो मोडला होता. हातात एक घडी घातलेला कागद होता.

"वहिनी, एवढं वाचून सांगा. अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही."

कोर्टाचा कागद होता. अमुक तारखेला, अकरा वाजता, साक्षीदार म्हणून हजर राहावे. मी वाचून अर्थ सांगेपर्यंत दूध उतू गेलं. बाईंनीच आत जाऊन गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून जागेवर टाकलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हणजे आता बहिणीला कळणार."

काय कळणार होतं, ते सांगण्याआधी बाई कोण ते सांगायला हवं.

चौकात कपडे धुण्याचं एक दुकान आहे. त्याच्या दर्शनी काचेमागे उंच टेबल, टेबलावर दिवा आणि भिंग. तिथं बाई तीस वर्षं रफू करत बसल्या आहेत. कोटाला कसर लागली, शालीला ठिणगीनं भोक पडलं, की लोक त्यांच्याकडे येतात. त्या त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसतात आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे विणत जातात. काम संपलं की भोक होतं कुठं, हे ज्याचं त्यालाही सापडत नाही. पण बाईंची एक खोड. कपडा परत देताना त्या तो उजेडात धरणार आणि बोट ठेवून दाखवणार, इथं होतं, नीट पाहिलंत तर दिसेल. दुकानाचा मालक कपाळावर हात मारून घेतो. न दिसण्याचे पैसे घ्यायचे आणि वर दाखवूनही द्यायचं, ही कुठली रीत, असं त्याचं म्हणणं. बाईंचं म्हणणं, कपडा कुठं अधू आहे हे ठाऊक असलं की माणूस जपून वापरतो.

लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला. मूल नाही. धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते, तीही आता विधवा. तिच्या एकुलत्या एका मुलाला बहिणीनं जन्म दिला आणि बाईंनी वाढवलं, असं म्हटलं तर दोघींपैकी कुणीच भांडणार नाही. निदान तेव्हा तरी भांडली नसती.

बाईंच्या खोलीत एकच पुस्तक. कोटाच्या उरलेल्या कापडाचं कव्हर घातलेलं बायबल. सकाळी कामावर जायच्या आधी एक पान, औषधाचा डोस घ्यावा तसं. एकदा ह्यांनी चेष्टा केली होती, "बाई, रोज तेच पुस्तक. शेवट पाठ झाला असेल आता." बाई म्हणाल्या, "शेवट माहीत आहे, साहेब. मधलंच जमत नाही."

आणखी एक गोष्ट. बाई कधी शपथ घेत नाहीत. आमच्या जिन्यावर दर दोन वाक्यांना आईची, देवाची, गळ्याची शपथ ऐकू येते. माझी मुलगी तर भाजी आवडली नाही हेसुद्धा माझ्या शपथेवर सांगते. बाई नुसतं 'हो' म्हणतात, नाही तर 'नाही'. प्रभूनं शपथच घेऊ नका म्हणून सांगितलंय, एवढाच खुलासा. आम्हाला ते एखाद्याला वांगं चालत नाही तसं वाटायचं.

आता तो कागद. तो यायच्या सहा महिने आधी दुपारी चारच्या सुमारास चौकात अपघात झाला होता. शाळेचा शिपाई, घंटा देणारा, पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होता. पावाच्या कारखान्याची गाडी त्याच्या अंगावर गेली. काचेमागून बाईंनी पाहिलं. सिग्नल लाल होता. गाडी त्यांच्या ओळखीची होती, कारण ती त्यांचा भाचा चालवायचा.

बाई हातातली शाल तशीच घेऊन धावल्या. गिऱ्हाइकाची शाल, रफू अर्धंच झालेलं. त्या शालीनंच त्यांनी शिपायाची मांडी आवळून बांधली आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. भाचा गाडीला टेकून उभा होता. तो एकदाच बोलला, "मावशी, मी लाइट बघितलाच नाही गं."

संध्याकाळी पोलीस दुकानात आला. कुणी काही पाहिलंय का? मालक म्हणाला, आमचं लक्ष कामात. बाई म्हणाल्या, मी पाहिलं. पोलिसानं लिहून घेतलं. बहिणीच्या घरी जाऊन तिला सांगायचं म्हणून त्या निघाल्या, तर बहीण इतकी रडत होती की ते पोटातच राहिलं. पुढं सांगू, असं करता करता सहा महिने गेले.

शिपायाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आणि तेवढ्यानं भागलं नाही. वकिलाकडे जाऊन आल्यावर भाच्याची गोष्ट बदलली. सिग्नल हिरवा होता, शिपायानं प्यायलेली होती, तो झोकांड्या खात मध्ये आला. हे शाळेपर्यंत पोचलं. मुलांमध्ये वावरणारा माणूस पितो म्हटल्यावर पालक बोलायला लागले. पंचवीस वर्षं घंटा देणाऱ्या त्या माणसाला निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं. पाय गेला तो गेला, आता नावही चाललं होतं. ते राहील की जाईल, हे बाईंच्या एका 'हो' किंवा 'नाही'वर होतं. आणि भाच्याचंही सगळं त्याच एका शब्दावर.

कागद आल्यावर तीन दिवस बाईंच्या खोलीतला दिवा पहाटेपासून दिसायचा. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर पुस्तक उघडंच होतं. मी विचारलं, काही सापडलं का. त्या म्हणाल्या, "पळवाट शोधत होते, वहिनी. एवढं जाड पुस्तक, म्हटलं एखादी तरी असेल. रक्ताच्या माणसासाठी, एका वेळेपुरती."

"मग?"

"नाही ना. ज्याला कुणी नाही त्याच्या बाजूनं बोला, असंच जिथं तिथं. पोराच्या बाजूनं बोलायला वकील आहे, आई आहे, कारखाना आहे. त्या शिपायाला कोण आहे?"

मग मीच बाजू मांडून पाहिली. म्हटलं, आठवत नाही म्हणा, वय झालंय, कोण काय म्हणणार आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि बशीत चहा ओतताना मला उगाच माझ्या मुलीची आठवण झाली, चोरून खाताना सापडल्यावर तिचा होतो तसाच माझा चेहरा झाला असणार.

बहीण आली ती त्याच दिवशी संध्याकाळी. मी तिथंच होते. उठायला लागले तर बाईंनी हात धरून बसवलं. बहिणीला साक्षीदारांच्या यादीतून कळलं होतं. आधी ती खूप बोलली. तोंडातला घास काढून भरवलेल्या पोराला तू आत घालणार का, मला म्हातारपणी कोण, असं सगळं. मग बहीण त्यांच्या जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, मी विचार केलाय. कोर्टात ते बायबल पुढं करतील. तू त्याच्यावर हात ठेवू नकोस. शपथ तू घेत नाहीसच, सगळ्यांना ठाऊक आहे. मग ते नुसतं बोलणं झालं, ताई. नुसत्या बोलण्याचं काय एवढं पाप?"

ती काही लबाड बाई नाही. दोघी एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसून लहानाच्या मोठ्या झालेल्या. तिला खरोखरच वाटत होतं, की देवाच्या नजरेत बसेल अशी फट तिनं शोधली आहे.

बाई म्हणाल्या, "ग्रंथावर हात मी ठेवणार नाहीच."

पुढं काही बोलायच्या आत बहिणीनं त्यांना मिठी मारली. डोळे पुसत, भिंतीला हात लावत ती जिना उतरून गेली. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, पायऱ्या चाचपतच उतरते ती. बाई दाराशी गेल्या, तोंड उघडलं आणि मिटलं. खालचं फाटक वाजलं तरी त्या तशाच उभ्या होत्या.

कोर्टात मी बरोबर गेले. खोली अगदीच साधी. भिंतीला पोपडे, पंखा कुरकुरत होता. शिपाई कुबड्या पायाशी ठेवून पहिल्या बाकावर बसला होता, शाळेच्या गणवेशात. काढून टाकला नव्हता त्यानं तो. पलीकडे बहीण, आणि पुढं भाचा, मान खाली घालून.

कारकुनानं ग्रंथ पुढं केला. बाई म्हणाल्या, मी शपथ घेत नाही. यातच घेऊ नका म्हटलंय. खरं सांगेन, एवढं लिहून घ्या. कारकून न्यायाधीशांकडे बघायला लागला. न्यायाधीश म्हणाले, तेवढं चालतं, लिहा. बहिणीनं डोळे मिटून हात जोडले ते मला दिसलं. भाच्याच्या वकिलाच्या चेहऱ्यावरही हसू आलं होतं. त्यालाही तिनं सांगितलं असणार.

सरकारी वकिलानं विचारलं, सिग्नल कोणता होता.

"लाल."

गाडी कोण चालवत होतं?

"माझ्या बहिणीचा मुलगा."

जखमी माणूस प्यायलेला होता का?

"नाही. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तोंड माझ्या तोंडाशी. घामाचा वास होता, खडूचा होता. दारूचा नव्हता."

शिपायानं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

भाच्याच्या वकिलाचं हसू गेलं होतं, पण माणूस तयारीचा. भिंगाशिवाय काम न होणाऱ्या बाईला रस्त्यापलीकडचा दिवा कसा दिसला, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, मला जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं. तुमच्या मागच्या कॅलेंडरवरची तारीख वाचू का? खोलीत थोडा हशा झाला. मग त्यानं शेवटचं काढलं. जिनं शपथ घ्यायला नकार दिला, तिच्या शब्दावर कोर्टानं विश्वास का ठेवायचा?

बाई म्हणाल्या, "साहेब, शपथ घेतल्यावरच जो खरं बोलतो, तो एरवी घरी काय बोलत असेल?"

एवढं बोलून त्यांनी पहिल्यांदाच बहिणीकडे पाहिलं. बहीण उठून बाहेर जात होती.

निकाल लागायला दोन महिने गेले. भाच्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. शिपाई शाळेत परत गेला. घंटा आता तो खुर्चीत बसून देतो. त्यानं बाईंच्या दुकानात येऊन नमस्कार केला, तेव्हा बाई म्हणे उठून आतच गेल्या. मला नंतर म्हणाल्या, त्याचे आभार घेणं म्हणजे पोराच्या शिक्षेचे आभार घेतल्यासारखं होतं. बहीण चर्चमध्ये पुढच्या रांगेत जाऊन बसायला लागली. रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूनं जाते.

परवा गच्चीवर आम्ही कपडे वाळत घालत होतो. चादरीचं एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. मी धीर करून विचारलं, पस्तावा होतो का. त्या म्हणाल्या, साक्षीचा नाही. पण त्या संध्याकाळी ती जिना उतरत होती आणि मी गप्प राहिले. तिला काय वाटतंय ते मला कळलं होतं, तरी वाटू दिलं. तेवढं एक मी खोटं बोलले, वहिनी, आणि तेही तिच्याशीच.

चादर तारेवर टाकून त्यांनी चिमटे लावले. मग म्हणाल्या, महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुरुंगात भेट असते. दोन बस बदलाव्या लागतात, आणि बहिणीला बसचे नंबर दिसत नाहीत. आजवर कुठंही जायचं तर आम्ही दोघी जायचो. मागच्या महिन्यात ती एकटी गेली, चुकीच्या बसमध्ये बसली, पोचेपर्यंत वेळ संपली होती. पोराला न बघताच परत आली, असं चर्चमध्ये कळलं.

मी लगेच म्हटलं, मी जाईन की तिच्याबरोबर. तुम्ही पाठवलंय हे बोलणारसुद्धा नाही, म्हणजे ती नाही म्हणायची नाही.

बाईंनी मानेनंच नाही म्हटलं.

"तिच्याबरोबर जा, एवढंच मागते. पण निघायच्या आधी तिला सांगा, मी पाठवलंय म्हणून. मग ती म्हणेल तसं करा."