परतीची व्हॅन

ऑफिसात त्यांना सगळे तराजू म्हणत. विमा कंपनीत त्यांचं काम एकच. दोन गाड्या आपटल्या की आतल्या माणसाला किती धक्का बसला असेल, ते गणिताने काढायचं. गाडीचं वजन गुणिले वेग, एवढ्या शिदोरीवर त्यांनी उभी हयात काढली होती आणि त्याचा ताठाही होता. एकदा एक जण मानेचा पट्टा उलटा बांधून कण्हत आला होता. ती लबाडी त्यांनी दारातच ओळखली, आणि तो किस्सा ते दर लग्नात सांगत. घरीही तीच तऱ्हा. बायकोने दार आपटलं की म्हणायचे, "वेग जास्त झाला." ती म्हणायची, "आधी स्वतःचं वजन बघा."

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंचं प्रकरण त्यांना किरकोळ वाटलं. बाई आपल्या छोट्या गाडीत सिग्नलला थांबल्या होत्या. पिण्याच्या पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या व्हॅनने मागून ठोकलं. बंपर चेपला, काच शाबूत. बाईंचं म्हणणं, मान वळत नाही, व्हायोलिन हनुवटीखाली धरता येत नाही, शिकवण्या बंद पडल्यात. उपचारांचा खर्च कंपनीने द्यावा. तराजू भेटायला गेले. बाजूने हाक मारली, तर बाई खुर्चीसकट अख्ख्या वळल्या. नाटक बरं जमलंय, असं तराजूंच्या मनात आलं.

मग गणित. व्हॅनचा वेग तिच्यातल्या यंत्रावर नोंदलेला होता, त्यात वाद नव्हता. ड्रायव्हर म्हणाला होता, "परत चाललो होतो, साहेब." परत, म्हणजे रिकामी. रिकामी व्हॅन आणि बाईंची गाडी वजनाला सारख्याच. तशा दोन गाड्या चिकटून पुढे सरकल्या की व्हॅनचा वेग निम्म्यावर येतो, आणि तेवढाच वेग थांबलेल्या गाडीला मिळतो. इतक्याशा धक्क्याने मान धरत नाही, असं लिहून तराजूंनी सही ठोकली.

कंपनीने खर्च नाकारला, बाई कोर्टात गेल्या. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ते टेबलावर अपघाताचे फोटो लावत बसले होते. बाहेर पावसाची सर आली.

"अहो, गॅलरीतले कपडे काढा ना," बायको आतून म्हणाली.

कुरकुरत त्यांनी कपडे आत आणले, पुन्हा फोटो उचलला आणि तसेच उभे राहिले. फोटोत व्हॅनखाली रस्ता ओला होता. पाऊस पडून गेला असेल, असं धरून त्यांनी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. पण मागच्या इमारतीच्या गॅलरीत चादरी वाळत घातलेल्या होत्या, आणि बाकीचा रस्ता कोरडा ठणठणीत होता.

त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. "त्या दिवशी कॅन रिकामे होते ना रे?"

"नाही, साहेब. ज्यांना द्यायचे ते ऑफिसच बंद होतं. भरलेलेच परत आणत होतो. दोन-चार फुटलेपण."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

भरलेली व्हॅन बाईंच्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. वेग तोच, पण बाईंच्या गाडीला त्याचा निम्मा नाही, जवळजवळ दोन तृतीयांश मिळाला होता. उभा जन्म वजनं करण्यात गेला, आणि या खेपेला गाडीत काय होतं ते विचारलंसुद्धा नाही. तराजूंना लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

"उद्या मला माझंच लिहिलेलं खोडायचंय," ते बायकोला म्हणाले.

"मग खोडा. आधी जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी कोर्टात कंपनीच्या वकिलाने मागच्या रांगेत बसलेल्या तराजूंकडे बघत विचारलं, "म्हणजे अशी दुखापत होणं शक्य नाही, असंच ना?"

तराजू जागेवरच उभे राहिले. "शक्य आहे. मी व्हॅन रिकामी धरली. ती भरलेली होती. चूक माझी आहे, बाईंची तक्रार खरी असू शकते."

वकिलाने कपाळाला हात लावला. पुढे बसलेल्या बाईंना हे कोण बोललं ते बघायचं होतं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि खुर्ची फरशीवर करकरत वळायला लागली.

"वळू नका," तराजू घाईने म्हणाले. "मी येतो समोर."

आणि ते रांगेतून वाट काढत पुढे गेले.