भगवंतरावांचा दात

खामगावच्या बाजार समितीत दाणा चावून ओल सांगणारे तसे पुष्कळ. शेतकरी ओळखीचा असला की त्यांच्या दातांना माया फुटते आणि अनोळखी असला की त्याच दातांना पावसाळा लागतो. भगवंतरावांचा दात मात्र सरळ होता. नारायणरावांच्या अडतीवर तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळचा दाणा काढायचा, दाढेखाली टच्‌कन फोडायचा आणि आकडा सांगायचा. ‘बारा’ म्हणजे माल वाळलेला, ‘पंधरा’ म्हणजे परत उन्हात घाला. देणारा आणि घेणारा, दोघंही मान हलवायचे. एवढा मान आमदाराच्या शब्दालाही नव्हता. अर्थात आमदाराहून जास्त मान मिळवायला फार काही लागत नाही.

साठी उलटली आणि हा सरळ दात हलू लागला. जन्मभराच्या तंबाखूने आपलं काम चोख केलं होतं. एकेक करत सगळे गेले. मग कवळी आली. ती भाडेकरूसारखी राहिली, कधी उठून जाईल याचा नेम नाही. एकदा भर हर्रासात, बोली चालू असताना, त्यांनी ‘चौदा’ म्हणायला तोंड उघडलं आणि कवळी सोयाबीनच्या ढिगात गेली. हमालांनी ढीग उपसला, पण ती कोणत्या पोत्यात भरली गेली ते आजवर कळलेलं नाही. नारायणरावांनी पुढे दोन महिने सोयाबीनचं तेल घरात येऊ दिलं नाही.

बाजार पोट धरून हसला. त्या दिवशी भगवंतरावांनी तोंड मिटलं ते मिटलंच. दाणा तोंडात टाकायचा, थोडा घोळवायचा आणि दहाच्या वर किती ते बोटांनी दाखवायचं. आत दाढ आहे की नुसती पोकळी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आकडे मात्र बरोबर यायचे. त्याचं नवल खुद्द भगवंतरावांनाही वाटलं नाही, कारण ते शरमेत बुडालेले होते.

तेवढ्यात नारायणरावांनी ओल मोजायचं मशीन आणलं. मूठभर दाणे घाला, आकडा काचेवर. “तुमच्या वयाले आता आराम पाह्यजे, भगवंतराव,” ते गोड आवाजात म्हणाले. ज्याला नारळ द्यायचा असतो, त्याच्या तब्येतीची चौकशी आधी होते, हे भगवंतराव जाणून होते.

घरी सुभद्राबाईंनी दातांच्या कण्या केल्या. कण्या करण्याजोगे दात घरात आता त्यांनाच होते. “खिळे मारून पक्के दात बसवते म्हणते ते हिमानी डॉक्टर. जाऊन तं या एकडाव.”

डॉक्टर हिमानींनी वर चार आणि खाली दोन स्क्रू हाडात बसवले. हाडाने ते धरून ठेवायला चार महिने लागतील, म्हणाल्या. आंब्याचा हंगाम भगवंतरावांनी रस पिऊन काढला आणि दसऱ्यानंतर नवे दात मिळाले. स्क्रूंवर टक्‌कन बसणारे, रात्री काढून धुवायचे. डॉक्टर बरंच काही समजावत होत्या, पण भगवंतराव आरशात बघण्यात गुंतले होते. घरी येऊन त्यांनी भाकरीचा कडक पोपडा खाल्ला, मग मूठभर फुटाणे, आणि सुभद्राबाईंकडे बघून उगाच दोनदा हसले.

दुसऱ्याच दिवशी भगवंतराव नवे दात लावून अडतीवर गेले, तेव्हा वरवट बकालच्या विमलबाई सोयाबीन घेऊन आल्या होत्या. नारायणरावांनी वरवरची मूठ मशीनमध्ये टाकली. पंधरा.

“म्या गच्चीवर वाळवलं,” विमलबाई म्हणाल्या. “दिवसातून चारदा पाय फिरवले त्यातून. मशीनचं मले सांगू नका. भाऊचा दात काय म्हणते ते सांगा.”

गर्दी जमली. भगवंतरावांनी कोपरापर्यंत हात खुपसला, दाणा काढला, चावला. आवाज असा आला की मागचे लोकही वाहवा म्हणाले. पण दाताकडून ओलीची खबर काहीच आली नाही. दुसरा चावला. जणू दुसऱ्याच कुणाच्या तोंडात फुटला. आता त्यांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं: आपल्या दाताच्या मुळाभोवती पातळ पडदा असतो, त्याला खड्याचा कणही कळतो, स्क्रू थेट हाडात असतो, तो चावेल जोरात, पण त्याला कळेल कमी.

पंधरा म्हटलं असतं तर मशीन साक्षीला होतं. बारा म्हटलं असतं तर विमलबाईंचा दुवा मिळाला असता. दोन्ही थापा नव्या दातांत शोभून दिसल्या असत्या. भगवंतरावांनी अंगठा तोंडात घातला. टक्. टक्. दोन्ही कवळ्या काढून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. गाल आत गेले. इतके दिवस मिटून ठेवलेलं सगळ्या बाजाराने पाहिलं. कुणी हसलं नाही.

त्यांनी दाणा हिरडीवर ठेवून जिभेने दाबला. ओला चिकटतो, वाळलेला सरकतो. शरमेच्या त्या महिन्यांत हिरडी हे गुपचूप शिकली होती. दाणा सरकला.

“बारा,” ते म्हणाले. “वरचा माल पहाटंच्या दवानं ओला झाला. तळचा घालून पाहा तुमच्या मशीनमधी.”

नारायणरावांनी तळची मूठ घातली. काचेवर बारा आले.

मशीन कपाटात गेलं नाही. नारायणराव तेवढे भोळे नव्हते. पण त्यात घालायची मूठ भगवंतरावांच्याच हातची, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

विमलबाईंनी भगवंतरावांच्या खिशाकडे पाहिलं. “भाऊ, मंग एवढे दात काऊन बसवले?”

भगवंतरावांनी खिसा चाचपला.

“दाखवाले,” ते म्हणाले, आणि भर बाजारात तोंड उघडून बिनदातांचं हसले.