निमगावच्या पाचव्या दारात

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं नाही. त्याच्यासमोर जायची मला लाज वाटत होती, आणि लाज वाटणाऱ्या माणसाला आपण रुसलो आहोत असं दाखवणं सोपं जातं. त्या वर्षी मी कित्येक महिने देवळाची पायरी चढलो नव्हतो. कोणी विचारलं तर म्हणायचो, वेळ मिळत नाही. खरं म्हणजे वेळ सोडून माझ्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं. अडचण होती ती तीर्थाची. तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं, प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, आणि माझा उजवा हात मी दिवसभर उपरण्याखाली झाकून हिंडत होतो.

पन्नास सालानंतरचा काळ तो. पिंपरी-चिंचवडच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता आणि आमच्या चाकणकडच्या गावांतून तरणी माणसं तिकडं कामाला निघाली होती. मीही निघालो. स्टेशनजवळ एक खोली घेऊन बिऱ्हाड केलं आणि पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात दाबयंत्रावर लागलो. कामावर हात बसला होता. उन्हाळ्यातल्या एका दुपारी पत्रा सरळ करायला हात आत गेला आणि यंत्र खाली आलं. दोन बोटं जागीच गेली. उरलेली दोन राहिली ती वाळक्या शेंगांसारखी वाकडी, आणि मनगटातला जोर गेला. मालक वाईट नव्हता. दवाखान्याचं त्यानं बघितलं, पण पुढं म्हणाला, आता तुझ्याजोगतं काम माझ्याकडे नाही, कायद्यानं भरपाई मिळते, तिचा अर्ज कर.

त्या भरपाईवर आमचं सगळं अडलं होतं. बायको पिंपरीला एका बांधकामावर घमेली वाहत होती आणि तिला दिवस गेले होते. भरपाई मिळाली तर एक म्हैस घ्यायची, तिनं धार काढायची, मी चिंचवडला रतीब घालायचा, असा आमचा बेत होता. नाही मिळाली तर पोट पुढं आलेल्या बाईनं शेवटच्या दिवसापर्यंत घमेली वाहायची आणि नवऱ्यानं खोलीत बसून राहायचं. दुसरा रस्ता दिसत नव्हता. ती कामावरून आली की माझ्यासाठी भाकरी कालवून द्यायची आणि मी भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं गिळायचो. तिच्याकडे बघवत नव्हतं.

अर्ज लिहून झाला आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला बोलावणं आलं. हात किती निकामी झाला हे डॉक्टरांनी दाखल्यात लिहायचं आणि त्यावर भरपाई ठरायची. मी धुतलेले कपडे घालून गेलो. डॉक्टर भले वाटले. त्यांनी विचारलं, “काय, कसं आहे आता?” मी म्हणालो, “बरं आहे साहेब, खंडोबाच्या कृपेनं.” आमच्यात हा प्रश्न कुणीही विचारला तरी उत्तर हेच, घरात मयत झालेलं असलं तरी आधी हेच तोंडातून निघतं. “दुखतं का?” “नाही साहेब.” “जेवता कुठल्या हातानं?” डाव्या हातानं जेवतो हे एका शिकल्यासवरल्या माणसाला कसं सांगायचं? मी म्हणालो, “उजव्याच.” मग त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला आणि धरून दाखवायला सांगितलं. अंगठा आणि दोन वाकड्या बोटांत मी तो असा दाबून धरला की कळ खांद्यापर्यंत गेली, पण पेला हलू दिला नाही. डॉक्टर म्हणाले, “शाबास!” आणि लिहायला लागले. मला आनंद झाला हो. शाळेत पाढा बिनचूक म्हटल्यावर व्हायचा तसा. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की डॉक्टर खूश झाले.

महिन्याभरानं भरपाईच्या कचेरीत साहेबांनी दाखला वाचून दाखवला. पकड चांगली आहे, जेवणखाण आणि रोजची कामं जमतात. “मग भरपाई कशाची मागता?” त्यांनी सरळ मनानं विचारलं. तिथं तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “बरं साहेब,” आणि नमस्कार करून निघालो, तोसुद्धा डाव्या हातानं. तिथला एक वयस्क कारकून माझ्यामागं व्हरांड्यात आला आणि म्हणाला, “फेरतपासणी मागता येते. अर्ज मी लिहून देतो. पण तिथं जाऊन परत हेच सांगणार असाल तर दोघांचेही श्रम वाचवा.”

घरी आल्यावर बायकोपासून काही लपलं नाही. ती डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन तशीच उभी राहिली. “अवो, त्यानं काय तुमची खुशाली इचारली व्हती व्हय? दाक्तर हाय त्यो, पावना न्हाई!” मी उपरणं हातावर ओढून घेतलं. “देवाचं नाव कशाला घेतलंत मधी? म्हनं कृपेनं बरं हाय! देवानं सांगितलं व्हतं का तुमाला खोटं बोलाया?” मग तिला रडू आलं आणि मला तिचा राग आला, कारण ती खरं बोलत होती. कारकुनानं अर्ज लिहून दिला होता, आणि फेरतपासणीची तारीख चंपाषष्ठीनंतरच्या आठवड्यातली मिळाली. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की जायचं नाही. कोणासमोर हात पसरून, हा बघा माझा असा हात, मला जेवता येत नाही, धोतर नेसता येत नाही, असं म्हणायचं? त्यापेक्षा भिकारी बरा, असं मला वाटायचं.

आणि नेमकी आली चंपाषष्ठी. आमचं कुलदैवत निमगावचा खंडोबा. आमच्या घरात रीत अशी की त्या दिवशी कर्त्या पुरुषानं कोटंबा, म्हणजे देवाच्या नावाचं लाकडी भिक्षापात्र, हातात घेऊन पाच घरी वारी मागायची. ही वारी म्हणजे चालत जाणं नव्हे, खरंच दारोदार मागणं. मिळालेल्या पिठात घरचं पीठ मिसळून रोडगे करायचे आणि वांग्याच्या भरताबरोबर देवाला दाखवायचे. घरात कणगी भरलेली असली तरी मागायचंच. वडील मागत, मग मी मागायला लागलो, आणि सांगतो, मला फार आवडायचं ते. चांगला धडधाकट गडी, अंगात कोरा सदरा, कपाळभर भंडारा, आणि ओरडतोय ‘वारी खंडोबाची!’ ते एक लटकं मागणं होतं. या वर्षी मात्र लोकांना ते खरं वाटणार होतं.

बायकोनं ऐकलं नाही. म्हणाली, तुम्ही नाही मागितली तर मी मागेन. गावात मागायला मी तयार नव्हतो, कारण तिथं ओळखीची दारं. शेवटी यष्टीनं आणि थोडं पायी असं निमगावलाच गेलो. तिथं मला कोण ओळखतं? ती देवळाखाली तीन दगड मांडून वांगी भाजायला बसली आणि मी घोंगडी अशी पांघरली की उजवा हात पार आत राहील. कोटंबा डाव्या हातात. चार घरं झाली. लोक घाईत होते, मूठभर पीठ घालत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. माझं बरं चाललं होतं.

पाचव्या दारात एक बाई आली. पन्नाशीची असेल, कपाळाला घाम, हातात पिठाचं सूप. सूप पुढं केलं आणि थांबली. “उजवा हात काढा भाईर. देवाचं मी डाव्या हातात वाढत न्हाई.”

मी म्हणालो, “असू द्या मावशी. वाढा तसंच.”

“का? काय झालंय हाताला?”

“काही न्हाई. बरा हाय.”

“बरा हाय तर काढा की! माझं भरीत करपाया लागलंय तिकडं.”

खरोखरच आतून करपल्याचा वास येत होता. मला वाटलं, निघून जावं. पण चार घरांवर वारी अर्धी टाकून जाता येत नाही. आणि ती बाई हलेना. कंटाळलेली, घाईत असलेली, पण दार अडवून उभी. मग माझ्या तोंडून कसं निघालं ठाऊक नाही. मी म्हणालो, “हात ऱ्हायला न्हाई मावशी. यंत्रात गावला. बोटं गेली. काम जमत न्हाई. घास घेता येत न्हाई, बायको कालवून देती. ती घमेली वाहती आन मी बसून खातो.” एवढं सगळं मी परक्या दारात, भर सकाळी, मान खाली घालून बोललो. शरमेनं कान तापले होते.

ती हळहळली नाही. “अरं देवा” सुद्धा म्हणाली नाही. पायरी उतरून खाली आली, घोंगडी बाजूला सारून माझं मनगट धरलं आणि हात बाहेर काढला. कोटंब्याखाली तो नीट लावला, सूप कडेवर घेतलं, आपला एक हात माझ्या हाताखाली धरला आणि दुसऱ्या हातानं पसाभर पीठ घातलं. “आता कसं! दिसल्याबिगर वाढू कशात मी?” एवढं म्हणून दारातल्या वाटीतला भंडारा माझ्या वाकड्या बोटांवर लावला आणि भरीत बघायला आत पळाली. मी शेजारच्या भिंतीला टेकलो आणि बराच वेळ रडलो.

परत गेलो तेव्हा हात उघडाच होता. बायकोनं पिवळी बोटं बघितली आणि पीठ चाळायला घेतलं. नैवेद्य घेऊन आम्ही वर गेलो. गुरवानं तीर्थाची पळी पुढं केली आणि मी उजवा हात पुढं केला. पाणी कुठं थांबायचं? सगळं खाली सांडलं. त्यानं दुसरी पळी घातली, तीही बरीचशी सांडली, उरली ती मी ओठाला लावली. मागं रांग होती, गुरव पुढच्याकडे वळला.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला गेलो. डॉक्टर तेच. प्रश्नही तोच, “काय, कसं आहे?” जिभेवर जुनं उत्तर आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, “चांगलं नाही साहेब.” त्यांनी पेला पुढं केला. मी जोर न लावता, जसा धरता येईल तसा धरला. तो निसटला आणि पाणी त्यांच्या मेजावरच्या कागदांवर पसरलं. ते कागद उचलत म्हणाले, “मागच्या वेळी तर उत्तम धरला होता.” मी म्हणालो, “तेव्हा साहेब, जीव खाऊन धरला होता. लई कळ आली होती.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि खुर्ची पुढं ओढून म्हणाले, “बसा. सकाळी उठल्यापासून काय काय जमत नाही, ते सावकाश सांगा.” मी सांगितलं. बटणं, धोतराची गाठ, घास, रात्री हाताला येणारे पेटके, बायकोची घमेली. सांगून मोकळं वाटलं असं म्हणवत नाही. भर बाजारात कोणी अंगावरचे कपडे उतरवावेत तसं वाटत होतं. पण मी थांबलो नाही. प्रत्येक वेळी थांबावंसं वाटलं की मनगटावर त्या बाईच्या हाताची पकड जाणवायची, आणि मी पुढचं सांगायचो.

त्यानंतरही कचेरीचे हेलपाटे चुकले नाहीत, पण भरपाई मंजूर झाली आणि बायकोला नववा लागायच्या आत तिच्या डोक्यावरचं घमेलं उतरलं. मुलगी झाली. तिच्यामागोमाग दावणीला म्हैस आली. म्हैस व्याल्यावर पहिल्या चिकाचा खरवस डब्यात भरून आम्ही तिघं निमगावला गेलो. देवाला दाखवला आणि उरलेला घेऊन मी ते पाचवं दार शोधलं. बाई घरीच होती. मी सगळी हकिकत सांगितली, हात दाखवला. तिला काही आठवेना. “त्या दिशी दारात रीघ असती बाबा. कुनाला काय बोलले ध्यानात ऱ्हात न्हाई. मी जरा तापट हाय. वाईट लागलं असंल तर मनावर घिऊ नगा,” असं म्हणून तिनं मुलीच्या हातावर गूळ ठेवला. बायको हसायला लागली. मला हसता येईना, मी त्या मावशीच्या पाया पडलो आणि ती बिचारी गोंधळून गेली.

त्या सकाळी तिच्या तोंडून कोण बोललं हे मी कुणाला पटवत बसत नाही. भरीत करपत असलेली एक बाई माझ्यावर वैतागली, एवढंच झालं असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण इतकी वर्षं ‘तुझी कृपा आहे’ म्हणत मी देवापासून स्वतःला झाकत होतो, आणि त्यालाच मी शरण जाणं समजत होतो. ज्याला काही कमीच पडलेलं नाही अशा माणसाला देवानं तरी काय द्यावं? माझी लाज गेली का? नाही. आजही परक्या पंगतीत बसलो की डावा हात पानाकडे जाताना माझी मान खाली जाते. आधी लाज जावी, मग देवासमोर जावं, असं मी समजत होतो, आणि त्या हिशेबानं थांबलो असतो तर आजही बाहेरच उभा असतो. मी लाजेसकट गेलो, आणि त्यानं मला लाजेसकट घेतलं.