खोक्यावरचं नाव

पूर्णगडच्या जैनुद्दीनचं अक्षर फार सुरेख. आता तुम्ही म्हणाल, मस्कतला कंपनीचं गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला सुरेख अक्षराचं काय कौतुक? तर ऐका. त्याच्या कामगार कॅम्पातला जो कोणी सुट्टीवर गावी निघायचा, तो आपला खोका उचलून आधी जैनुद्दीनच्या खोलीत यायचा. हा जाड काळा मार्कर घ्यायचा आणि खोक्याच्या चारही बाजूंना नाव, गाव, तालुका, पिनकोड असं ठसठशीत लिहून द्यायचा. बावीस वर्षं हे चाललं. मुरुडचा खोका असो नाहीतर देवरूखचा, नाव जैनुद्दीनच्या हातचं. पोरं त्याला थट्टेनं 'पेंटर' म्हणायची, आणि त्यालाही ते आवडायचं.

स्वतः गावी यायचा तेव्हा अर्धा खोका दुसऱ्यांच्या वस्तूंचा. कुणाच्या आईची औषधं, कुणाच्या बायकोला अत्तर, कुणाच्या पोराला बूट. ही अमानत. अमानत म्हणजे विश्वासानं सोपवलेली चीज. ती उघडून बघायची नाही, आत काय म्हणून विचारायचं नाही, दारात नेऊन द्यायची आणि पाणी पिऊन निघायचं. एवढ्या वर्षांत कुणाची बाटलीसुद्धा फुटली नाही त्याच्याकडून. गावात त्याची जी काही इज्जत होती ती यावरच, बंगला काही त्यानं बांधला नव्हता.

या खेपेला अक्रम एक घट्ट शिवलेली रजई घेऊन आला. अक्रम म्हणजे जैनुद्दीनच्या बायकोचा, अजराचा, सख्खा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा अजरानंच त्याला वाढवला. हाताला धरून मुळाक्षरं तिनं गिरवून घेतली, आणि मस्कतची नोकरी जैनुद्दीननं लावून दिली. "दुल्हाभाई, आपाला थंडीत होईल," असं म्हणून त्यानं रजई दिली. जैनुद्दीननं ती खोक्यात घातली, वर चिकटपट्टी मारली आणि चारही बाजूंना आपलं नाव लिहिलं. रजई जरा जड लागली, नाही असं नाही. पण मेव्हण्यानं बहिणीला दिलेली रजई कोण उसवून बघतो हो?

विमानतळावर कस्टमवाल्यांनी खोका बाजूला घेतला.

"कुणाचा?"

"माझा."

"आतलं सामान कुणी भरलं?"

"मीच भरलं, साहेब."

इथंच घात झाला. आखातातून येणारा कुठलाही कोकणी माणूस हेच उत्तर देतो. निघताना विमान कंपनीची बाई विचारते, सामान स्वतः भरलंत का? 'नाही, दुसऱ्यानं दिलंय' म्हटलं तर खोका तिथंच राहतो. म्हणून नवख्या पोराला पहिल्या खेपेलाच पढवतात, काहीही विचारलं तरी माझंच म्हणायचं. जैनुद्दीननं तर ते कित्येकांना पढवलेलं. रजई उसवली तेव्हा आतून कापसाऐवजी चोवीस मोबाईल निघाले, सगळे भारीतले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अमानत आहे साहेब, अमानत," एवढंच तो म्हणत राहिला. पण जबाबात तोवर लिहून झालं होतं की माल माझा, भरला मी. खाली सही. तीसुद्धा काय देखणी सही!

मोबाईल जप्त झाले. पासपोर्ट चौकशी संपेपर्यंत ठेवून घेतला. दंड किती ते सुनावणीत ठरायचं होतं. पण जैनुद्दीनची झोप उडाली ती पासपोर्टपायी. सहा महिन्यांच्या आत मस्कतला परत पाऊल पडलं नाही की व्हिसा रद्द, नोकरी खलास. चोपन्न वर्षांच्या माणसाला नवी नोकरी कोण देणार? इथं त्याला काय येत होतं? बापाची होडी केव्हाच विकून झाली होती.

रत्नागिरीत दीपाली नावाच्या वकीलबाई आहेत. त्यांनी कागद वाचले आणि म्हणाल्या, "एकच रस्ता आहे, काका. अक्रमनं लिहून द्यायला पाहिजे की माल त्याचा आणि तुम्हाला ठाऊक नव्हता."

मग सुरू झाले फोन. अक्रम पहिल्यांदा रडला. म्हणाला, "चूक झाली, आपा, देतो लिहून." मग म्हणाला, कंपनीत काम फार आहे. मग त्यानं फोन उचलणंच सोडलं. पूर्णगड ते रत्नागिरी एसटीनं खेपा घालून जैनुद्दीनचे पाय दुखायला लागले. घरी तो चिडायचा. "तुझ्या भावानं माझी कबर खणली, अजरा!"

"खणली म्हणता? मी वाढवलाय त्याला. भित्रा आहे, पण नमकहराम नाही तो."

"भित्रा? चोवीस मोबाईल शिवताना बरी भीती नाही वाटली!"

ती परत फोन लावायची. तिच्या त्या फोन लावण्याचा त्याला राग यायचा आणि तिची कीवही यायची. गावात आता त्याच्याकडे अमानतीच्या चौकशीला कुणी येत नव्हतं. मशिदीतून बाहेर पडताना माणसं सलाम करायची आणि भराभर चालायला लागायची.

सहा महिने भरायला नऊ दिवस उरले असताना सुनावणी लागली. त्याच्या दोन दिवस आधी अक्रमचा अचानक निरोप आला, 'आपा, कागद थेट कस्टमच्या ऑफिसात पाठवलाय.' अजरानं तो निरोप नवऱ्याला तीन वेळा दाखवला. "बघा! बोलले होते ना मी!" त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी घरात सुरमई आली. जैनुद्दीननं बॅग खाली काढून झटकून ठेवली. वेडी आशा, दुसरं काय.

सुनावणी म्हणजे वकीलबाईंच्या ऑफिसातला लॅपटॉप. पडद्यावर अधिकारी, इकडे खुर्चीत जैनुद्दीन आणि शेजारी दीपालीबाई. अजरा भिंतीलगतच्या बाकावर बुरख्याचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. दीपालीबाईंनी सगळं नीट मांडलं, अमानतीची रीतही सांगितली. अधिकारी शांत माणूस होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही ज्याचं नाव घेता त्याचं लेखी उत्तर आलंय. पाठवतो, वाचून घ्या."

कागद छापून निघाला. मराठीत, हातानं लिहिलेला. जैनुद्दीननं वाचायला घेतला. लिहिलं होतं, 'सदर मोबाईलशी माझा काही संबंध नाही. जैनुद्दीन हे वर्षानुवर्षं लोकांचा माल भारतात नेतात, हे आमच्या कॅम्पात सर्वांना माहीत आहे. ते माझ्या गावचे आहेत, नात्यानं कोणी लागत नाहीत.'

बावीस वर्षांची औषधं, अत्तरं, बूट. एका ओळीत अमानतीचा धंदा करून टाकला पोरानं! मस्कत गेलं, हे जैनुद्दीनला तिथंच कळलं.

"काय लिहिलंय?" अजरानं विचारलं.

त्यानं कागदाची घडी घालायला घेतली. कागद त्याला लपवायचा होता, अल्लाशपथ लपवायचा होता. पण तिनं उठून त्याच्या हातातून घेतला. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचत गेली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिनं ती ओळ परत वाचली.

"अक्षर त्याचंच आहे," ती म्हणाली. "ल असा उलटा काढतो. किती मारलं होतं मी त्यासाठी."

"अजरा, बस खाली," जैनुद्दीन म्हणाला.

"नात्यानं कोणी लागत नाहीत? मग मी कोण?"

पडद्यावरून अधिकाऱ्यानं विचारलं, "आणखी काही सांगायचंय का? नसेल तर सुनावणी बंद करतो."

दीपालीबाई मान हलवणार, एवढ्यात अजरा नवऱ्याच्या खुर्चीपाशी येऊन लॅपटॉपसमोर वाकली. तिचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात मोठा होऊन दिसायला लागला. फोन तिच्या हातात होता. आपाला थंडीत होईल म्हणून पाठवलेल्या रजईचा फोटो, खाली अक्रमचा निरोप, 'आपा, दुल्हाभाईंकडे रजई दिलीय', सगळं सहा महिने तिनं जपून ठेवलेलं. भावानं आठवणीनं काही पाठवलं म्हणून जपलेलं. इतके दिवस ते तिनं कुणाला दाखवलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, भाऊ अडकेल म्हणून.

जैनुद्दीननं तिच्याकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"आपण कोण, बाई?" अधिकाऱ्यानं विचारलं. "आपलं काय काम?"

"मी अजरा. माझ्या भावाची ओळख पटवायची आहे, साहेब."