आण्णांनी पसंत केलेलं तिसरं स्थळ

गाडी किती पळते, किती देते, हे आण्णांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच. नवी गाडी उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजच्या गाळ्यासमोर उभी राहिली, मालक छाती फुगवून उतरला, की हात पुसत बाहेर यायचे आणि विचारायचे, "बिघडल्यावर काय करतंय?" मालकाचं तोंड हातातला पेढा मातीत पडल्यासारखं व्हायचं. अहो, कालच हार घालून आणलेली गाडी!

हाच प्रश्न त्यांनी लेकीचं लग्न ठरवतानाही विचारला, याला मी, त्यांचं जुनं गिऱ्हाईक, साक्षीदार आहे. गडहिंग्लजचं स्थळ. पोहे झाले, शेती-नोकरी झाली, आणि आण्णांनी मुलाच्या आईला थेट विचारलं, "पोरगं चिडल्यावर काय करतंय?" बैठकीतले बाकीचे बशा आवरायला लागले. ती बाई मात्र सरळ होती. म्हणाली, "जेवत न्हाय." आण्णा म्हणाले, "म्हंजे नुकसान त्याचं त्यालाच. पसंत हाय." त्या जावयाचा संसार आज उत्तम चालला आहे आणि तो दोन्ही वेळा जेवतो.

आण्णा म्हणजे कार्बोरेटरचे राजे. पेट्रोल आणि हवा यांचं लग्न लावणारं ते पितळी भांडं त्यांच्या बोटांना पाठ होतं. बॉनेट उघडायचं, कान आत घालायचा, डोळे मिटायचे आणि खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर पाव आटा फिरवायचा. इंजिन असं गायला लागायचं की शेजारचा लेथवाला हातातलं काम थांबवायचा. पुढे गाड्यांत कॉम्प्युटर आले, कार्बोरेटर गेले आणि राजांकडे चार जुन्या स्कूटर उरल्या.

त्यांचा मुलगा संजय शिरोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात होता. गाळा त्याच्या नावावर. त्याला तो भाड्यानं द्यायचा होता. एकदा माझ्यादेखतच तो म्हणाला, "आण्णा, नव्या गाड्या तुम्हाला जमत नाहीत. गाळा कशाला अडवायचा?" आण्णांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पुसत बसले. स्वच्छ स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा पुसायला घेतला म्हणजे फार लागलं होतं.

नेमका त्याच आठवड्यात मी माझं खूळ घेऊन तिथे पोचलो. वडिलांची जुनी मोटार होती, इंजिन फुटलेलं. मला ती हायब्रीड करायची होती. नवं इंजिन, धड एका गाडीचं आणि डोकं दुसरीचं, असं जुळवायचं, मागच्या चाकांना विजेची मोटर द्यायची, डिकीत बॅटऱ्या. (आरटीओची परवानगी हा स्वतंत्र ग्रंथ आहे, तो इथे उघडत नाही.) आण्णांनी सगळं ऐकलं आणि मुलाकडे वळले. "संजा, ही गाडी घाटात चढली तर गाळा ऱ्हाईल. न्हाई चढली तर किल्ली तुझी. बोल." संजय म्हणाला, "बोललो." आणि माझ्या हौसेच्या गाडीवर एका माणसाचं उभं आयुष्य येऊन बसलं.

लोखंड जुळवायला आण्णांना पंधरा दिवस लागले. घोडं अडलं ते मेंदूपाशी. कुठल्या क्षणी किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, मोटरकडून किती जोर मागायचा, हे ठरवणारा कॉम्प्युटर कुठला घ्यायचा? आण्णा म्हणाले, "घाई न्हाय. स्थळं बघू."

पहिलं स्थळ म्हणजे इंजिनाच्या धडाबरोबर आलेला कंपनीचा मूळ कॉम्प्युटर. जोडला, इंजिन सुरू झालं, आणि गाडी सायकलच्या वर वेग घेईना. त्याला आधीच्या गाडीची किल्ली सापडेना, तिचा गिअरबॉक्स सापडेना, म्हणून तो जोर देईना. आण्णा म्हणाले, "सारखं म्हायेर आठवतंय ह्याला. हितं नांदणार न्हाय." सोडलं.

दुसरं स्थळ घेऊन पुण्याहून एक विक्रेता आला. अत्तर असं, की गाळ्यातला ऑइलचा वास लाजला. त्याच्याकडे एक डबी होती. ती मूळ कॉम्प्युटरला खोट्या बातम्या पुरवायची. गिअरबॉक्स आहे, किल्ली आहे, सगळं क्षेम आहे! मी तर भाळलोच. आण्णांनी विचारलं, "बिघडल्यावर काय करतंय?"

"बिघडत नाही काका. सील आहे. उघडायचं नाही. काही झालंच तर पुण्याला आणायचं."

"म्हंजे घाटात त्याला खरं कळलं, तर मी त्याला काखेत मारून पुण्याला जायाचं व्हय? चहा घ्या पावणं आणि निघा."

तिसरं स्थळ बेळगावच्या एका इंजिनिअर मुलीनं दाखवलं. साधा काळा डबा आणि लॅपटॉप. आत नुसते रिकामे तक्ते, हजारभर चौकोन. आण्णांनी प्रश्न टाकला. ती हसली. "आण्णा री, खरं सांगू? ह्याला काहीच येत नाही. तुम्ही भराल तेवढंच करतंय. बिघडल्यावर काय करायचं, तेबी तुम्हीच भरायचं."

आण्णा खुर्चीतून उठले. चाळीस वर्षांत यंत्राबद्दलच्या त्यांच्या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर मिळालं होतं. "पसंत हाय," म्हणाले, "पोरगी खरं बोलती."

मग एक महिना आम्ही तक्ते भरले. आण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते आणि कान होता. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचो, ते इंजिनावर वाकून ओरडायचे, "हितं वाईच कमी कर! टकटकतंय!" पडद्यावर इशारा नंतर यायचा, आण्णा आधी. ऐकू नीट यावं म्हणून बॉनेट त्यांनी काढूनच ठेवलं होतं. महिनाभर आम्ही रंकाळा तलावाभोवती उघड्या इंजिनाच्या गाडीतून फेऱ्या मारल्या, लोक थांबून बघायचे, मी हात करायचो.

पन्हाळ्याला पहिली चाचणी ठरली. मागे संजय बसणार म्हणून आम्ही बॉनेट बसवलं, पुसलं, चकचकीत केलं. आणि चढ लागताच गाडी खोकायला लागली. दम टाकला. मोटर ढकलते आहे, इंजिन टकटकतं आहे, शेजारून उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला! संजय खिडकीबाहेर बघत राहिला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

आण्णांनी गाडी थांबवायला लावली. बॉनेटवर हात ठेवला आणि झटका बसल्यासारखा काढला. "मर्दा, आपण हिला उघड्या डोक्यानं शिकवलं. झाकणाखाली तापती ही." चूक शंभर टक्के त्यांची होती. एवढा ऐकणारा माणूसच ती करू शकला असता. "संजा, आठ दिवस दे," ते म्हणाले. संजयनं दिले. बापाला मुलाकडे मुदत मागताना मी बघितलं, आणि उगाचच टायरला लाथा मारून हवा बघायला लागलो.

आठ दिवस बॉनेट बंद ठेवून, पत्र्याला कान लावून, आण्णांनी गरम हवेचा सगळा तक्ता नव्यानं भरला.

मग गगनबावडा. घाट उतरलो, गाडी वळवली, चढायला लागलो. धुकं इतकं की पुढचं वळण अंदाजानं. मी चालवतोय, शेजारी आण्णा, मागे संजय, त्याच्यामागे एस.टी. गाडी सुरेख चढत होती. मी शीळ घालणार, तेवढ्यात आण्णांनी हात पुढे केला आणि विजेची मोटर बंद करायला बसवलेलं तांबडं बटण दाबलं. मला न सांगता! भर चढात!

गाडी क्षणभर बसली. एस.टी.नं हॉर्न ठोकला. माझे हात स्टिअरिंगला चिकटले. आणि मग इंजिनानं एक खोल श्वास घेतला, आवाज भरला आणि एकट्यानं ओझं उचललं. सावकाश, पण एकदाही न अडखळता.

"काय झालं?" संजय पुढे वाकला.

"मोटर मेली," आण्णा म्हणाले.

"मग चालतीय कशी?"

"तुझ्या बापानं सांगून ठेवलंय तिला."

वर पोचल्यावर आम्ही चहा आणि भजी मागवली. संजय कप तसाच ठेवून म्हणाला, "आण्णा, ते सांगून ठेवलेलं कुठं असतं? दाखवा की." आण्णांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. बापलेक त्या चौकोनांवर डोकं जोडून बसले. भज्यांची दोन्ही ताटं मी संपवली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गाळा राहिला. संजय आधी रविवारी यायला लागला, मग रोज संध्याकाळी, आणि वर्षभरात त्यानं नोकरी सोडली. आता लांबलांबून गाड्या येतात त्याच्याकडे. आण्णांनी मात्र एके दिवशी कपडे बदलले आणि मलकापूरजवळच्या त्यांच्या गावी निघून गेले. "आता तितं दोघांनी कशाला कान लावायचा?" एवढंच म्हणाले. मी एस.टी.वर सोडायला गेलो होतो. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो, नाटकी माणूस आहे मी.

मागच्या महिन्यात माझी गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुरायला लागली. आण्णांचा आवाज ऐकायला हेच निमित्त साधून फोन केला. लक्षण सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला वाटलं, डोळे मिटले असतील.

"संजाला इचार," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्ही सांगा की आण्णा."

"मला काय इचारतोस मर्दा? मी मेकॅनिक हाय व्हय? मी संजय मेकॅनिकचा बाप हाय."