ऑनलाइन मंडपाला कार्यकर्ते कशाला?

“मग टॅब बंद करायचा ना! हातपाय थोडेच बांधले होते तिचे?”

मंडळाचे सेक्रेटरी परबकाका हे बोलले आणि माझं डोकंच फिरलं. लालबागमधल्या त्यांच्या मंडळाचा ऑनलाइन मंडप आमच्या टीमने बनवला होता. फोनच्या स्पीकरवर वैशाली होती. याच गल्लीत वाढलेली, लग्न होऊन कोल्हापूरला गेलेली. यंदा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून या मंडपात दर्शनाला आली. चौघांनी तिला कोपऱ्यात घेरलं, कानात घाणेरडं बोलले, पुढे हलूच देईनात. मूर्ती न बघताच ती बाहेर पडली.

साध्या वेबसाइटवर कितीही लोक असोत, प्रत्येक जण एकटाच असतो. पान उघडतो, फोटो बघतो, जातो. आम्ही बनवलं होतं व्हर्च्युअल वर्ल्ड. तिथे प्रत्येकाचा अवतार असतो, म्हणजे स्क्रीनवर चालणारं-बोलणारं त्याचं रूप. सगळे एकमेकांना दिसतात, ऐकू येतात. त्यात कोलिजन नावाचं सेटिंग असतं. ते चालू असलं की एका अवताराला दुसऱ्याच्या आरपार जाता येत नाही, वाट अडते.

ते बंदच ठेवूया, असं मी घसा कोरडा करून सांगितलं होतं. पण काकांना गर्दी खरी वाटायला हवी होती. बरं, मग आत कार्यकर्ते तरी द्या! तर म्हणाले, “मॅडम, वेबसाइटला कसले कार्यकर्ते?” माझ्या बॉसनेही मान डोलावली. ज्या मंडळात चपलांच्या स्टँडलाही बिल्ला लावलेला कार्यकर्ता असतो, त्यांना इथे एक माणूस देववला नाही!

“काका, खऱ्या मंडपात असं झालं असतं तर?” मी विचारलं.

“तंगडं मोडलं असतं एकेकाचं!”

“आणि इथे?”

“इथे काय, चित्रं तर आहेत.”

“आवाज खरे होते, काका,” स्पीकरवरून वैशाली म्हणाली. “तुमच्या मंडपात मला कधी भीती वाटली नव्हती. काल वाटली.”

बॉस म्हणाला, “आपण एक डिस्क्लेमर टाकूया.” डिस्क्लेमर! मुलगी घाबरलीय आणि हा सूचना चिकटवतोय. मी त्याच्यासमोरच कोलिजन बंद केलं, त्या चौघांना बॅन केलं. पण नवीन नाव घेऊन माणूस परत येतो, म्हणून आत लक्ष ठेवणारी माणसं हवीतच.

शेवटी काकाच म्हणाले, “बायकांच्या रांगेला महिला कार्यकर्त्यांची साखळी असते आपली. ती इथे लावूया काय?”

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सहा बायका मोबाइल घेऊन ऑफिसात बसल्या. कुणालाही म्यूट करायचा, बाहेर काढायचा अधिकार मी त्यांना दिला, त्यांच्या अवतारांना बिल्लेही लावले. काकाही हौसेने ऑनलाइन मंडपात शिरले. थोड्याच वेळात कुणीतरी त्यांना आईवरून शिवी घातली. काका लालबुंद होऊन खुर्चीतून उठले. “कोण रे तो? समोर ये!”

“चित्रच आहे ना ते?” मी म्हटलं.

आरतीला वैशालीला फोन केला. ती ऑनलाइन आली, पण मूर्तीकडे गेली नाही. म्हणाली, “मलाही बिल्ला द्या.” आणि दारातल्या साखळीत उभी राहिली.

आता असं काम आलं की मी आधी विचारते, आत उभं कोण राहणार? नावं मिळाली नाहीत, तर सरळ साधी वेबसाइट बनवून देते.