मागून हाक

साताऱ्याहून निघाले त्या सकाळी आईने प्रवासासाठी दशम्या केल्या होत्या. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस सहज टिकणाऱ्या, सोबत लसणाची चटणी. दोन हजार अकरा साल. दारात गाडी उभी होती. बाबा बॅगा डिकीत ठेवत होते, बाहेर काढत होते, पुन्हा ठेवत होते. शेजारच्या काकू पोचल्यावर फोन करायचं बजावत होत्या. आईने हातावर दही घातलं, मी देवाला आणि त्या दोघांना नमस्कार केला आणि गाडीत बसले. दशम्यांचा डबा ओट्यावरच राहिला.

आईच्या ते लगेच लक्षात आलं होतं. डबा घेऊन ती दारात आली तेव्हा गाडी अजून गल्लीतच होती, एका हाकेच्या अंतरावर. पण तिने हाक मारली नाही. हे मला दुसऱ्या दिवशी स्टुटगार्टहून फोन केला तेव्हा कळलं. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "जाताना मागून हाक मारू नये. काम होत नाही." पलीकडून बाबांचा आवाज आला, की दशम्या आम्हीच संपवल्या, छान झाल्या होत्या.

काम म्हणजे स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात गिअरबॉक्सच्या चाचण्या. इंजिनिअर झालेली मुलगी, गाड्यांच्या गावात नोकरी, साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माझ्या बाबांना आणखी काय हवं होतं? ते नकाशावर बोट ठेवून सगळ्यांना स्टुटगार्ट दाखवायचे. तिकडे मी आनमेल्डुंग करून गावच्या दप्तरी नाव लावलं, घर शोधलं, कचरा चार रंगांच्या डब्यांत टाकायला शिकले. बोलताना वाक्याच्या सुरुवातीला 'म्हणजे'च्या जागी 'आल्झो' कधी यायला लागलं ते कळलं नाही. तुम्ही जे इथेच राहिलात त्यांना वाटतं, परदेशात माणूस सारखा झुरत असतो. खरं सांगायचं तर झुरायलाही वेळ लागतो, आणि तो नसतो.

तिसऱ्या वर्षी बाबा गेले. झोपेतच. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. लोक माझ्याकडे बघत होते, मी रडेन म्हणून. मला रडू आलं नाही. मी चहा केला, कपबशा विसळल्या, बँकेत जाऊन सह्या केल्या. पंधरा दिवसांनी परत निघाले तेव्हा आई पुन्हा दारात उभी होती. या वेळी डबा माझ्या हातात होता, विसरण्यासारखं काही नव्हतं. तरी गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी कान टवकारून बसले होते. एकुलती एक मुलगी, आई आता घरात एकटी, तिने नुसतं 'मुक्ता' म्हटलं असतं तरी मी उतरले असते. तिने हाक मारली नाही, आणि मीही वळून बघितलं नाही.

त्यानंतर मला काहीच वाटेनासं झालं. दुःख झालं असं म्हणावं तर तेही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाचं जे होतं, तसं आतून झालं होतं. काम चोख चाललं होतं. आईला रोज फोन व्हायचा, ती काय जेवली ते सांगायची, मी काय जेवले ते सांगायचे.

सायकल घेतली ती ऑफिसातल्या एकीने आग्रह केला म्हणून. तिच्या ओळखीने गावातल्या सायकलींच्या फेराईनमध्ये नाव घातलं. फेराईन म्हणजे आपल्याकडचं मंडळच, फक्त गणपतीशिवाय. दर रविवारी आम्ही सात-आठ जण एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, किर्शहाइमला जायचो आणि तिथून आल्बवर चढायचो. आल्ब म्हणजे चुनखडीचं मोठं पठार. खालून बघितलं की कडा सरळ उभा दिसतो, साताऱ्यातून यवतेश्वरचा डोंगर दिसतो तसा. बिसिंगेनहून ओक्सेनवांगला जाणारा घाट जीव काढतो. पण एकदा वर पोचलं की रस्ता शेतांमधून हळूहळू खाली-वर होत जातो, दूरवर कुणी नसतं. नांगरलेल्या मातीत पांढरे दगड वर आलेले असतात. उतारावर मेंढ्या आणि जुनिपरची काळपट झुडपं. पाऊस पडतो, पण ओढे वाहत नाहीत. पाणी सगळं दगडात जिरतं. कोरडी दरी बघून मला बरं वाटायचं. चढावर मांड्या पेटायच्या, तेवढंच काय ते आठवड्यात मला जाणवायचं.

ग्युंटर आमचा म्होरक्या. निवृत्त पोस्टमन, पायाच्या पोटऱ्या नारळासारख्या. तो तरुणपणी इंग्लंडच्या दक्षिणेला सायकल चालवून आला होता आणि ते डोंगर त्याच्या बोलण्यात सतत यायचे. त्यांचे डोंगर खडूचे, हाताने उकरता येतील असे. आमची चुनखडी टणक. पण चढाची लय तीच, तो म्हणायचा, आणि वाराही तसाच बेशरम. मला फळ्यापुढे उभे असलेले बाबा आठवायचे, शर्टाच्या बाहीला खडूची भुकटी लागलेली. आठवायचे, इतकंच.

ओळीने सायकल चालवायचे नियम असतात. पुढचा वारा अंगावर घेतो, बाकीचे त्याच्या आडोशाने येतात. पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा, शेवटच्याने मागून गाडी आली की ओरडायचं, 'आउटो!' पुढच्याने हात वर केला की समजायचं, ऐकलं. पहिल्यांदा शेवटचा नंबर माझा लागला तेव्हा शोपलोख गावाच्या अलीकडे अरुंद रस्त्यावर मागून दुधाचा टँकर आला. मला दिसला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. मग मी काय करावं? सगळ्यांना ओलांडून, पायडल मारत ग्युंटरच्या शेजारी जाऊन त्याला हळूच सांगायला निघाले. म्हणजे थेट टँकरच्या पुढ्यात. करकचून ब्रेक लागला, भोंगा वाजला, मी गवतात पडले.

ग्युंटर रागावला नाही. बाकावर बसवून पाणी दिलं आणि ओरडली का नाहीस ते विचारलं. मी सांगितलं, की आमच्याकडे पुढे जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत. सांगताना माझं मलाच विचित्र वाटलं. मी तर हे सगळं कधीच मानलं नव्हतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, "तुमच्याकडे असेल तसं. पण इथे मागचा ओरडला नाही, तर पुढचा मरतो."

मग त्याने त्या रिकाम्या रस्त्यावर माझ्याकडून सराव करून घेतला. गाडी नसताना मी 'आउटो' म्हणून ओरडायचं, सगळ्यांनी हात वर करायचे. मेंढ्यांनी माना वर केल्या. त्या उन्हाळ्यात माझा आवाज असा तयार झाला की शेवटचा नंबर मलाच मिळायला लागला.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात आई आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आली तशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. इथलं पीठ चिकट आहे, इथलं ऊन उशिरा मावळतं, इथल्या बायका छान चालतात, असं म्हणायची. त्याच सुमारास मला चाकणहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. काम साधारण हेच, गाव घरापासून गाडीने अडीच-तीन तासांवर. आई जायच्या आधी उत्तर कळवायचं होतं. मी जेवताना विषय काढायचे आणि तिच्या तोंडाकडे बघायचे. ती ताटातली कोशिंबीर सारखी करत म्हणायची, "तुझं तू बघ." मला वाटायचं, तिला माझी गरज उरलेली नाही. वाटायचं म्हणजे तसा अंदाज होता. आत काही हलत नव्हतं.

एका रविवारी ग्युंटरची बायको तिला गाडीतून आल्बवर घेऊन आली. शोपलोखपाशी दोघी रस्त्याकडेला उभ्या होत्या, आई साडीवर माझं विंडचीटर घालून. आम्ही समोरून गेलो आणि नेमका मागून ट्रॅक्टर आला. मी ओरडले, पुढे सात हात वर झाले. संध्याकाळी तिने विचारलं, की तू सगळ्यांच्या मागून ते काय ओरडत होतीस? मी समजावून सांगितलं. तिने "हं" केलं आणि भेंडी चिरायला घेतली.

जायच्या दिवशी पहाटे उठून मी दशम्या केल्या. कडा फाटल्या होत्या, पण दशम्याच होत्या. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर नमस्कार झाला, ती तपासणीच्या रांगेकडे चालायला लागली, आणि मी बघते तर डबा खुर्चीवर. ती चार-पाच माणसांच्या पुढे गेली होती. मी विचार केला नाही.

"आई!"

आल्बवरचा आवाज होता तो. अर्धं विमानतळ वळलं. आईही वळली, कपाळाला आठी, तरातरा परत आली.

"जाताना हाक मारतात का गं?"

मी डबा पुढे केला. ती डब्याकडे बघत राहिली. मग खुर्चीवर टेकली. मागून हाक आली की टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं, हा त्यावरचा उतारा. मी बाटली दिली. ती पाणी प्यायली, तिने डबा उघडला, एक दशमी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"तू कधीच हाक मारली नाहीस," मी म्हणाले. "बाबा गेल्यावरसुद्धा."

"हाक मारली की काम होत नाही," आई म्हणाली. "तुझं काम व्हावं म्हणून तोंड दाबून उभी राहायचे." तिने तुकडा चावून संपवला. "झालं का तुझं काम?"

मला माझा इतक्या वर्षांचा गिअरबॉक्स आठवला, चाचण्या, कचऱ्याचे चार डबे.

"झालं," मी म्हणाले.

"मग ये आता."

ती उठली, उजवा पाय पुढे टाकला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. डबा तिने नेला. माझ्या हातावरची अर्धी दशमी मी परतीच्या आगगाडीत खाल्ली. चिवट झाली होती. मानहाइम येईपर्यंत मी रडत होते, समोरच्या बाईने न विचारता रुमाल दिला. बाबांसाठी रडले ते तेव्हा, अडीच वर्षांनी.

आता मी चाकणला असते आणि शनिवारी साताऱ्याला येते. तुम्ही जे अजून परदेशातच आहात, त्यांना वाटेल मी सुखी झाले. रोज नाही. आल्बवरचे ते पांढरे दगड स्वप्नात येतात, अजूनही काही दिवस गाल बधिर असल्यासारखे जातात. पण रविवारी सकाळी मी सायकल काढते, यवतेश्वरचा घाट चढायला. आई दारात येते. दही नाही, नमस्कार नाही. मी गल्लीच्या तोंडाशी पोचते आणि पाठीमागून तिचा आवाज येतो, सगळी आळी जागी होईल असा.

"मुक्ता, मागून गाडी येतेय गं!"

मी थांबत नाही. हात वर करते.